पुढे देताना

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझ्या नव्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र. याने फोन का नाही केला, असं तुला वाटेल. माझा फोन कंपनीनं दिलेला आहे, आणि हल्ली त्यावरचं बोलणं कुणी ऐकत असेल, अशी शंका येते. म्हणून कागद.

इकडे बरं आहे. ही कामावर जाते, छोटी शाळेत रमली. बाबांना जरा त्रास झाला म्हणून इस्पितळात ठेवलंय, काळजीचं काही नाही. विकत घेणारे दारात आले असताना तू तुझा कॉम्प्युटर प्रोग्राम सगळ्यांना फुकट वापरायला मोकळा करून टाकलास, तेव्हापासून बाबा तुझा विषय काढत नाहीत. पण मी फोनवर बोलत असलो की कान इकडेच असतात.

आता कामाचं. शिरेतून थेंबाथेंबानं औषध सोडणारे आमचे पंप तुला माहीत आहेत. बाजारात जाण्याआधी ते तपासायचे, हे माझं काम. एक खोट सापडली. वीज जाऊन पंप बॅटरीवर आला की कधीकधी वेगच विसरतो आणि औषध भसाभसा सोडतो. दर वेळी नाही होत, म्हणून तर जास्त भीती. कारण शोधायला मला आतला प्रोग्राम वाचायला दिला. वाचता वाचता ओळखीचं काही दिसलं. इंग्रजी अक्षरांत 'थांबजरा', 'हळूहळू', 'पुरेझालं' अशी नावं. असं लिहिणारी माणसं जगात किती असतील, ताई? पण वर तुझं नाव नव्हतं, वापराच्या अटी सांगणारा तुझा परवानाही नव्हता. दोन्ही खरवडून तिथं कंपनीचं नाव घातलंय.

मग तुझं जाहीर पान उघडलं. तोच प्रोग्राम, ओळीला ओळ. आणि ही खोट तू कधीच दुरुस्त करून ठेवलेली. यांनी जुनी प्रत उचलली आणि दार लावून घेतलं. तुझी दुरुस्ती आत येणार कुठून?

साहेबांना सांगितलं. म्हटलं, हा बाहेरचा मोकळा प्रोग्राम आहे, त्याची दुरुस्तीही तयार आहे, घेऊन टाकू. त्यांनी उठून केबिनचा पडदा ओढला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या बहिणीशी याबद्दल बोललात का?"

मी बहीण हा शब्द उच्चारलाच नव्हता.

ज्यानं तुझं नाव खरवडलं त्यानं आधी ते वाचलं असणारच, आणि आडनाव तर एकच आहे. आता माझ्यासमोर एक कागद ठेवलाय: प्रोग्राम सर्वस्वी कंपनीचा, तपासणीत खोट आढळली नाही. खाली सही करायची. मी वेळ मागून घेतलाय.

तुझ्या परवान्यात आहे की कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा. पण पुढे देताना मूळ लिखाणही द्या आणि हीच मोकळीक पुढच्यालाही द्या. मग पंप विकत घेणाऱ्या इस्पितळाला ते मागता येईल ना? आणि नाहीच दिलं, तर जाब कुणी विचारायचा? आपलं सहज विचारतोय.

उत्तर हिच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

तुझा धाकटा

१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. मी विचारलेलं सगळं तू नीट सांगितलंस: इस्पितळाला लिखाण मागता येतं, जाब तू विचारशील, नोटीस तू पाठवतेस. आणि शेवटी माझ्यावर उलटा प्रश्न टाकलास: "बाबांना कोणता पंप लावलाय?"

तोच. आधी विकलेल्या पंपांतही हाच प्रोग्राम आहे, आणि त्या वॉर्डात सगळे तेच आहेत. पहिल्या पत्रात हे लिहायला हात धजला नाही. रोज कामावरून सुटलो की बाबांच्या खाटेपाशी बसायचो, एक डोळा त्यांच्यावर आणि एक भिंतीतल्या प्लगवर. त्यांना वाटायचं, पोरगा किती जीव लावतोय. बोललो तर नोकरी जाईल, वर कोर्टात खेचतील, ही धास्ती. गप्प राहिलो तर काय, ते मी मनात येऊच देत नव्हतो.

"लिखाण मिळेल तेव्हा मिळेल, पंप आधी काढ," असं तू लिहिलंस. ते वाचून तसाच इस्पितळात गेलो. मुख्य परिचारिकेला गाठून सांगायला तोंड उघडलं आणि दिवे गेले.

धावत जाऊन बाबांची नळी दुमडून धरली. त्यांचा पंप शहाण्यासारखा थेंब थेंब सोडत होता. समोरच्या खाटेवरच्या आजींचा नव्हता. परिचारिका पोचेपर्यंत बरंच औषध आत गेलं होतं.

मग वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणालो, "हे पंप काढा. मी ते बनवणाऱ्या कंपनीत आहे." माझाच आवाज मला परका वाटला.

पंप काढले. इस्पितळानं कंपनीकडे प्रोग्रामचं मूळ लिखाण मागितलंय, सोबत तुझी नोटीस. कंपनीनं अजून ब्र काढलेला नाही. माझं कार्ड मात्र गेटवर चालेनासं झालं, आणि गल्लीच्या तोंडाशी एक गाडी उभी असते. कदाचित ती कुणा शेजाऱ्याची असेल. हिला आणि छोटीला मी हिच्या माहेरी पोचवलंय. सही केली नाही.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिनं आधीच दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि कुणीही घेऊ शकत होतं. मग यांनी घेतलं का नाही?"

"घेतलं असतं, तर मुळात सगळंच कुणाकडून घेतलं ते सांगावं लागलं असतं."

नंतर बाबांनी, तू तिकडे एकटीच राहतेस का, एवढंच विचारलं.

आजी अजून शुद्धीवर नाहीत. त्यांचा मुलगा व्हरांड्यात भेटतो. वयानं माझ्याएवढाच असेल, रिक्षा चालवतो. आईची नळी तुम्ही का नाही धरली, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. तो वेगळंच विचारतो: "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" मी दर वेळी डॉक्टरांना भेटायचंय असं सांगून सटकतो. साहेबांची भीती वाटते, गाडीची वाटते; पण त्या माणसाची वाटते तेवढी कुणाचीच नाही.

तू शनिवारी येतेस ना? मी त्याला रविवारी बोलावलंय. खरं काय ते मीच सांगेन, तू मध्ये एक शब्दही बोलू नकोस. फक्त माझ्या शेजारी बस.

शनिवारची वाट बघणारा,
तुझा धाकटा