आलुबुखाराच्या डब्यातला रोटर

६ जानेवारी

नवे पट्टे चढले एकदाचे! रबराचे, आडव्या लोखंडी कांबी ठोकलेले, एकेक माझ्या वजनाचा. चढवताना माझं बोट सापडलं, नख काळं पडलंय. बाबा म्हणाले, "नऊ शाबूत आहेत ना? मग धर तिकडून."

बर्फगाडी आता गाडीसारखी दिसते. पुढे दोन स्की, मागे पट्टे, बाजूला गोल खिडक्या. पानगळीत ताडपत्री काढली तेव्हा प्लायवूड भिजल्या बिस्किटासारखं हातात येत होतं. अकरा वर्षं घरामागे पडून होती, आणि त्याआधी चार दिवस विनिपेग सरोवराच्या तळाशी. लाकूडकाम सगळं माझं, इंजिन बाबांचं. एकोणऐंशीव्या वर्षी म्हातारा असा कामाला जुंपलाय म्हणून गावाला कौतुक. मला भीती वाटते.

९ जानेवारी

दारांना नवं रबर लावलं, चांगले खटके बसवले, छपरातलं झाकण घट्ट केलं. वाऱ्याची झुळूकसुद्धा आत यायची नाही — खूश होते स्वतःवर. बाबा आले, बघितलं, पक्कड घेतली आणि सगळे खटके उपटले. झाकण बिजागरीसकट काढून भिंतीला टेकवलं. दारं उघडी राहतील अशी दोरीनं बांधली.

चूक माझीच. गोठलेल्या तळ्यावर गाडी न्यायची तर दारं बांधून उघडी आणि छपराचं भोक मोकळं, मग थंडी उणे तीस का असेना. बर्फ फुटून गाडी खाली गेली तर बाहेर पडायला तेवढीच वाट. हे मी चालायला लागायच्या आधी शिकले असेन. बाल्दुरही शिकला होता. पण त्या दिवशी त्याला ताप होता. मागे इंजिनाच्या उबेला कुडकुडत पडला होता, म्हणून बाबांनी दारं लावली, झाकण ओढलं. थोड्या वेळापुरतं. कावळ्याच्या खडकापाशी भेग होती. गाडीचं मागचं अंग आधी गेलं. बाबा पुढची काच फोडून निघाले. माझा भाऊ नाही निघाला.

आणि मी काय केलं, तर खटके बसवले.

१३ जानेवारी

शेवटी विचारलं. "चालू झाली की काय करणार आहात तिचं?"

"कावळ्याच्या खडकापर्यंत जायचंय. एकट्यानं."

"आणि परत?"

बाबा कार्बोरेटर पुसत राहिले. पुसलेलाच पुन्हा पुसत होते.

१४ जानेवारी

झोप नाही. ग्रीमुरला सांगितलं. माझा नवरा गुणी आहे, पण दिवसभर जाळी ओढून आला की त्याला फक्त उशी दिसते. "जाऊ दे ना त्यांना," म्हणाला. "इतकी वर्षं तळ्याकडे पाठ करून बसलेत." कूस वळवली आणि घोरायला लागला.

आम्ही बाबांच्याच घरात राहतो. त्यांची खोली खाली, शेडच्या बाजूला. पायरी वाजली की मी उठून बसते.

२० जानेवारी

इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा धूर, मग खोकला, मग असा काही आवाज, की आळीतले सगळे जमले. मासळीच्या गोदामातला डोरी कानावर हात ठेवून बाबांकडे बघत ओरडला, "स्टेनी, आता आमचे मासे अमेरिकेत पळणार रे!"

बाबा हसले. दात दिसतील असे. कधी हसले होते मागे, आठवत नाही.

सगळे गेल्यावर म्हणाले, "रविवारी निघतो. हवा बरी असली तर."

२१ जानेवारी

रोटर काढला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली असतो, अंगठ्याएवढा काळा तुकडा. त्याच्याशिवाय ठिणगी नाही आणि ठिणगीशिवाय ते धूड जागचं हलत नाही. सुक्या आलुबुखारांच्या डब्यात तळाशी घातला. त्यांचा थरांचा केक आमच्याकडे नाताळालाच होतो, तेव्हा पुढच्या डिसेंबरापर्यंत डबा कोणी उघडायचं नाही.

लाज वाटत नाही. मुद्दाम लिहून ठेवते — वाटत नाही. एक गेलाय, दुसरा देणार नाही.

२२ जानेवारी

रविवार. हवा लख्ख. शेडमधून घुर्र घुर्र... आणि बंद. पुन्हा घुर्र. मी बटाटे सोलत होते. एकाच बटाट्याची किती साल काढली कोण जाणे.

बाबा आत आले, हात धुतले.

"काय झालं?"

"ठिणगी नाही."

"जुनी गाडी," मी म्हटलं.

माझ्याकडे बघत राहिले. टोपी उघडून बघितली असणार. चाळीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस एवढं बघणार नाही होय? पण विचारलं नाही. बटाटे खाल्ले, भांडी घासली.

२७ जानेवारी

मेल्यासारखी झोपले. संध्याकाळी शेडमध्ये घुर्र घुर्र, बाबांच्या शिव्या, आणि शांतता. आता तो आवाज मला अंगाईसारखा वाटतो. वाईट आहे मी.

सकाळी बाबा म्हणाले, "तोंडावर रंग आलाय तुझ्या. झोपतेस वाटतं हल्ली."

३१ जानेवारी

गोदामात मासे द्यायला गेले होते. डोरी म्हणाला, "तुझा म्हातारा गेल्या आठवड्यात तासभर येऊन बसला होता. माझी जुन्या सामानाची खोकी उपसत."

"काय हवं होतं?"

"तो सांगतोय! माझी कॉफी मात्र संपवली."

घरी आल्यावर कान लावून बसले. घुर्र घुर्र... शिव्या... बंद. हुश्श.

९ फेब्रुवारी

काल. हात अजून नीट चालत नाही, पण लिहायला हवं.

ग्रीमुर पहाटे स्नोमोबाईलवर जाळ्यांना गेला. दुपारी वादळ आलं. रेडिओवर त्याचा आवाज एकदाच आला — बेल्ट तुटलाय, कावळ्याच्या खडकाच्या पलीकडे आहे, पाय ओले झालेत. मग नुसती खरखर. बर्फावर पाणी चढलं होतं आणि त्यावर ताजा भुसभुशीत थर. डोरी आणि त्याचा भाचा स्नोमोबाईल घेऊन निघाले आणि रुतून परत आले. डोरी माझ्याकडे न बघता म्हणाला, "रुंद पट्टेच हवेत तिथं."

मी स्वयंपाकघरात धावले. डबा उपडा केला, आलुबुखार जमिनीभर. रोटर मुठीत घेऊन शेडकडे पळाले. काय सांगायचं, कसं सांगायचं — आणि दारात थबकले. गाडी सुरू होती. बाबा आत बसले होते.

"चढ. वर उभी राहा."

विचारायला वेळ नव्हता. मी त्यांच्यामागच्या उंच बाकावर उभी राहिले, डोकं छपराच्या भोकातून बाहेर, बुटांची टोकं त्यांच्या खांद्यांना टेकलेली. भेग डावीकडे दिसली की डावा बूट दाबायचा, उजवीकडे दिसली की उजवा. थांबायचं असलं की दोन्ही. लहानपणी बाल्दुर आणि मी या जागेसाठी भांडायचो. खडकापाशी मी दोन्ही दाबले. बाबा उतरले, पहारीनं बर्फ ठोकत पुढे गेले, वाऱ्यात दिसेनासे झाले. मी बोंबलत होते, ऐकू कुणाला जाणार? मग आले. वळसा घेऊन भेग ओलांडली. खडक बाजूनं गेला. बाबांनी मान वळवली नाही.

ग्रीमुर स्नोमोबाईलच्या आडोशाला बसला होता. ओठ निळे. मागे इंजिनापाशी निजवला. दात असे वाजत होते, की शब्द फुटेना. "दार... दार लावा ना... थोडा वेळ."

मीच उठले दोरी सोडायला. खरंच उठले. बाबांनी गाडी थांबवली नाही, फक्त म्हणाले, "थोरा, हात लावू नकोस." मग एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं आपला कोट काढला आणि मागे फेकला. नुसत्या सदऱ्यानिशी गाडी हाकली, दोन्ही दारं उघडी, थेट किनाऱ्यापर्यंत. मी वर उभी होते. खालून ग्रीमुरच्या शिव्या ऐकू येत होत्या आणि मी रडत होते.

डॉक्टर म्हणतात, बोटं वाचतील.

१० फेब्रुवारी

कॉफीच्या वेळी रोटर बाबांच्या बशीशेजारी ठेवला. आलुबुखाराचा चिकटा होता त्याला. त्यांनी साखरेचा खडा दातात धरून कॉफी संपवली, मग म्हणाले, "असू दे अडीनडीला. दुसरा डोरीच्या खोक्यात मिळाला होता, तेव्हाच बसवला."

म्हणजे गाडी तेव्हापासून चालत होती. रोज संध्याकाळी ठिणगीची तार काढून नुसती घुरघुरवत होते, मला ऐकू जाईल अशी. "मग गेला का नाहीत खडकावर?"

"तुला झोप लागायला लागली होती."