कापू दिला नाहीस तो पाय

आई,

उद्या माझा पाय कापणार आहेत. डावा, तोच, गुडघ्याच्या खालून. तुझ्यासमोर बसून हे सांगायची माझी हिंमत झाली नसती, म्हणून तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितेय. बॅग भरून झालीय. दादा संध्याकाळी न्यायला येईल, तोवर दुपार मोकळी आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, हे मलाही कळतं.

त्या दिवशी कामावर, चारकोपच्या गाळ्यात मी माल मोजून घेत उभी होते आणि माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागे आली. चालवणाऱ्याला मी दिसले नाही, मला ती ऐकू आली नाही. एवढीच ती गोष्ट, लोकांना मात्र ती अजून रंगवून हवी असते. हॉस्पिटलात डॉक्टर दादाला समजावत होते, हाडाचा चुरा झालाय, पाय ठेवला तर वर्षानुवर्षं उपचार चालतील, कापला तर काही महिन्यांत नकली पायावर उभी राहील. दादा मान हलवायला लागला होता. तेवढ्यात तू मध्ये घुसलीस. "माज्या चेडवाचो पाय कापूचो नाय! मी देवीक सांगलंय, ता आपल्या दोन पायांनी चलत येतला." डॉक्टरांना मालवणी कळली नसेल, पण सूर नक्की कळला. मी स्ट्रेचरवर अर्धवट शुद्धीत होते आणि मला केवढा धीर आला! माझ्या बाजूने कुणीतरी भांडतंय असं वाटलं.

मग पायाभोवती लोखंडी कड्या आल्या, हाडातून आरपार सळ्या. दहिसरच्या आपल्या खोलीत मी पलंगावर पडलेली आहे आणि तू रोज पाणी उकळून, गॉज बुडवून, एकेका सळीच्या मुळाशी फिरवते आहेस. हाड जुळावं म्हणून बकऱ्याचे पाय आणून गॅसवर भाजतेस, जळक्या केसांचा वास चाळभर. श्रावण लागला तेव्हा मला वाटलं, सुटले त्या सुपातून. कुठली सुटतेय! श्रावणात घरात अंडंसुद्धा न येऊ देणारी तू, वेगळ्या टोपात ते पाय शिजवलेस आणि डोक्यावरून आंघोळ करून देवापुढे बसलीस. शेजारीण दारातून म्हणाली, "अहो, श्रावणात?" तू वळूनही पाहिलं नाहीस. "देवाक काय ता मी सांगतंय. तू तुझा बघ."

कड्या निघाल्या, पण पाय काही सुधरला नाही. जखम भरायची, पुन्हा फुटायची, हाडात पू व्हायचा, पुन्हा ऑपरेशन. देवीच्या देवळापर्यंत मी कधी पोचलेच नाही, कारण तुझा नवस चालत येण्याचा होता, रिक्षाने जाणं तुला चालणार नव्हतं. एकदा तू ड्रेसिंग करत असताना मी ओरडले, "कापून टाका एकदाचा. मला नकोय हा पाय." तू मान वर केलीस. "गप रव. परत असा बोललंस तर माका आई म्हणू नको." मग माझी टाच मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चोळत बसलीस. मी परत कधी ते बोलले नाही. तू गेलीस त्या दिवशीही पायाला पट्टी होती. नंतर मीच ती बांधत राहिले, अगदी तू बांधायचीस तशी. ओट्याशी भात होईस्तोवरसुद्धा उभं राहवायचं नाही, तेव्हा तुझा राग यायचा. खूप यायचा.

गेल्या महिन्यात पुन्हा ताप भरला. या वेळी डॉक्टर नवीन होती, अगदी कालची पोर. तिने जुने एक्स-रे पाहिले, जखम पाहिली आणि विचारलं, "मॅडम, हा पाय तुम्ही कोणासाठी सांभाळताय?"

"आईसाठी," मी म्हटलं.

"मग त्या काय म्हणतात?"

"ती नाहीये आता."

ती पट्टी बांधत राहिली. मला आधी तिचा संताप आला. रिक्षात बसल्यावर मात्र जे रडू फुटलं ते घर येईपर्यंत थांबेना. रिक्षावाल्याने बिचाऱ्याने गाणी बंद केली.

तुझ्यावरचा राग आता फारसा उरलेला नाही. तुला पोर जन्माला घातली तशी अख्खी हवी होती, त्यात तुझं काय चुकलं? वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. माझ्या अंगात या पायाइतकं तुझ्या हातांनी दुसरं काही धरलेलं नाही. उद्या तो जाईल आणि तुझे हात लागलेली जागाही जाईल. सकाळपासून मी त्याला तेल लावतेय. डॉक्टरांना आवडणार नाही, पण लावतेय.

आई, तू असतीस तर मी हो म्हटलं नसतं. अजून कितीही वर्षं हा पू काढत बसले असते, पण तुझ्या तोंडावर ते म्हटलं नसतं. परवा संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की बरं झालं, आई नाही.