सज्ज्यावरची खरी भेग

१. शाळेच्या सभागृहात रंगमंचाच्या वर दगडी सज्जा आहे. त्याच्या मुळाशी भिंतीला भेग आहे.
२. मी भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच तुटते. ती तुटली. दुसरी लावली, तीही तुटली.
३. मुख्याध्यापकांना लेखी कळवले. त्यांनी भेग लिंपून घेतली.
४. लिंपणावर चित्रकलेच्या सरांनी नाटकासाठी किल्ल्याची भिंत रंगवली आणि भरपूर भेगा काढल्या. काल खरी भेग त्यांच्यामधून पुन्हा उमटली. सर म्हणाले, "बघा, किती जिवंत वाटतंय!"
५. बांधकाम खात्याने तपासणीची तारीख दिली आहे, ती नाटकानंतरची.
६. नाटक मी बसवते आहे; त्यातला राणीचा सज्ज्यावरचा प्रवेश मी गाळला. मुख्याध्यापक म्हणाले, "पाहुणे तोच बघायला येतायत. तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या बाई नाटक बसवतील." म्हणून राणीचे काम मी विद्यार्थिनीकडून काढून स्वतःकडे घेतले. त्या प्रवेशात सज्ज्याखाली कोणी उभे राहणार नाही, अशी मांडणी केली आहे.

सबब मी, वय एकोणतीस, शिक्षणाने स्थापत्य अभियंता, अकरावीला जुने इंग्रजी साहित्य शिकवणारी शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

आईला माझी सर्व बचत. तिने माझ्या संसारासाठी घेतलेली भांडी खोक्यातच आहेत. खोके न उघडता परत न्यावे.

धाकट्या भावाला भिंतीची सरळ रेषा तपासायचा माझा ओळंबा. तो विचारायचा, "ताई, पूल बांधायचे सोडून मेलेल्यांची भाषा कशाला शिकवतेस?" मी शिकवते त्या जुन्या नाटकांत माणूस पडण्याआधी कोणीतरी धोका सांगून गेलेले असते. तो सांगणारा मला ओळखीचा वाटला, एवढेच.

जिचे काम काढून घेतले तिला राणीचा झगा आणि माझा जुन्या शब्दांचा कोश. ती वर्गासमोर म्हणाली, "मॅडम, माझा रोल ढापलात तुम्ही! जमत नाही म्हणून सांगा ना सरळ." तिला जमते, माझ्याहून चांगले. कारण सांगितले असते तर ती हट्टाने वर चढली असती.

मागच्या बाकावरच्या 'वकिला'ला एक उत्तर देणे आहे. त्याने विचारले होते, "नाटकातल्या या राजांना एवढे इशारे मिळतात, तरी ऐकत का नाहीत? कानात बोळे आहेत का?" वर्ग हसला आणि घंटा झाली. उत्तर असे, की ते ऐकतात. पण कार्यक्रम ठरलेला असतो.

मुख्याध्यापक मला म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही कविता शिकवा, भिंती आम्ही बघतो." त्यांना तुटलेल्या दोन्ही काचपट्ट्या. त्या त्यांच्या टेबलावर, दिसतील अशा ठेवाव्यात.

अंमलबजावणी भावाने करावी.

ठिकाण: शाळेचे ग्रंथालय. दिनांक: ९ डिसेंबर.
(सही)

साक्षीदार, ज्यांना यातले काहीही मिळत नाही:
ग्रंथपाल बाई (सही)
शिपाईकाका (सही). सही करताना म्हणाले, "बाई, मी पण त्या सज्ज्याखालून झाडत नाही हल्ली."

प्रत मुख्याध्यापकांना. रंगीत तालीम १५ तारखेला आहे. सभागृह बंद करणार की नाही, ते १४ तारखेपर्यंत लेखी कळवावे.