घरी कोण जाते आहे?

४ ऑक्टोबर, प्लेनो, टेक्सास

डेरिकचे वार्तापत्र आले. पान दुसरे, डावा रकाना. चुका चार.

‘भारतात जन्मलेल्या सरोज आंटी’. नाही. माझ्या बायकोचा, सरोजचा जन्म डर्बनचा. तिच्या आईचाही, आजीचाही. भारत तिने आयुष्यात दोनदा पाहिला, तोही नाशिकला माझ्या बहिणीकडची पाहुणी म्हणून.

‘१९९४मध्ये भारतातून दक्षिण आफ्रिकेत आल्या’. नाही. झांबियातल्या लुसाकाहून परतल्या. आल्या आणि परतल्या यांच्यामध्ये तिची तेवीस वर्षे गेली आहेत.

‘११ सप्टेंबर रोजी निधन’. नाही, ९. अकराला दहन झाले.

‘अस्थी लवकरच मातृभूमीला, नाशिकला, नेण्यात येतील.’ हे वाचल्यावर चष्मा काढून ठेवला.

बाकी मजकूर नेहमीचा. इकडच्या दक्षिण आफ्रिकी मंडळींपैकी कुणाला ग्रीन कार्ड मिळाले, रग्बीचा सामना कुणाच्या घरी पाहायचा, तळ्याकाठच्या उद्यानात कोळशावरचे जेवण कधी. शेवटी ते इंग्रजी सदर, जे मी मनात मराठीत वाचतो : घरी कोण जाते आहे? सरोज वार्तापत्र तिथूनच उघडायची.

५ ऑक्टोबर

डेरिकला फोन केला. तो स्वतः डर्बनचा. दर दिवाळीला सरोजच्या हातची बटाटा घातलेली बीन्सची आमटी खाऊन गेलेला. त्याला तिचे गाव ठाऊक नसावे?

“अंकल, मजकूर अभयने लिहून पाठवला. मी वाचला, दोनदा वाचला. पण मुलगाच लिहितोय, त्याला मी कसं सांगू की तुझी आई कुठली ते तुला माहीत नाही?”

म्हणजे चूक नाही. अभयने मुद्दाम लिहिले. मुलाने आईच्या आयुष्यातून डर्बन गाळले.

दिवसभर काही वाचता आले नाही.

६ ऑक्टोबर

जेवताना विषय काढला. मी म्हणालो, तिची इच्छा तुला ठाऊक आहे. डर्बनला उमगेनी नदी समुद्राला मिळते तिथे, तिच्या आईजवळ, अम्माजवळ. इस्पितळात तिने मला स्पष्ट सांगितले.

“तुम्हाला सांगितलं, बाबा. मला नाही.”

“तू गाडी पार्क करायला गेला होतास.”

“मग तेव्हा थांबायचं होतं ना पाच मिनिटं! माझ्यासमोर बोलली असती.”

मृणालने ताटात भात वाढला, कुणी न मागता. माझी सून नागपूरची आहे. घरात आवाज चढला की ती वाढू लागते.

अभयचे म्हणणे : नाशिकला गुरुजींशी बोलणे झाले आहे, आतेभाऊ सगळे बघेल, आपली पद्धत आहे. मी विचारले, कुणाची? तिचे माहेर तमिळ, पणजोबा उसाच्या मळ्यावर आलेले. त्यांच्यात चार पिढ्या त्याच पाण्यात गेल्या.

तो उठून गेला. ताट तसेच.

९ ऑक्टोबर

आज महिना झाला.

अस्थी गॅरेजमध्ये आहेत. मृणालच्या आईने नागपुरातून व्हिडिओ कॉलवर बजावले होते, अस्थी घरात ठेवू नयेत. इथे झाडाला टांगायची सोय नाही, सोसायटीचे नियम आहेत. म्हणून गॅरेजची वरची फळी. एका बाजूला नाताळच्या दिव्यांचे खोके, दुसऱ्या बाजूला अभयची कोळशाची शेगडी. मी तिथे घडीची खुर्ची नेऊन ठेवली आहे. सकाळचा चहा तिथेच घेतो.

१९७१. तिच्या भावाला पोलिसांनी त्रास द्यायला सुरुवात केल्यावर सरकारने दोघा भावंडांना एकच कागद दिला : देश सोडा, परत यायचे नाही. मग लुसाका. तिथल्या शाळेत मी गणित शिकवीत असे, ती इतिहास. ७८मध्ये तार आली, अम्मा गेली. सीमा बंद. अम्मा नदीच्या मुखाशी विसर्जित झाली त्या दिवशी सरोज दहावीच्या वह्या तपासत होती. एका मुलाला तिने दोनदा गुण दिले, म्हणून मला कळले की ती रडते आहे.

इस्पितळातले तिचे शब्द, जसेच्या तसे : “अम्माच्या वेळी मला येऊ दिला नाही. आता तरी जाऊ दे.”

‘येऊ दिला नाही’ नव्हे, ‘येऊ दिले नाही’. एकोणपन्नास वर्षे मी सुधारीत आलो. त्या दिवशी नाही सुधारले.

१८ ऑक्टोबर, शनि.

तळ्याकाठी गेलो. तिच्याविना प्रथमच. मृणालने गाडीने सोडले. “बाबा, दोन तासांनी पिकअप करते, चालेल?” अभय आला नाही.

कांदा-टोमॅटो बारीक चिरणे हे सरोजचे काम होते. टेबलावर सुरी, फळी, कांदे मांडून ठेवलेले, आणि कुणीच हात लावीना. शेवटी मी चिरले. एल्सा आगीजवळून ओरडली, “मेनीर, हे कांदे आहेत की भूमितीतल्या आकृत्या?” सगळे हसले. मीही.

एल्सा ब्लूमफाँटेनची, निवृत्त परिचारिका. तिच्या भाषेत मास्तरांना मेनीर म्हणतात, तेच तिने मला चिकटवले. ज्या काळात सरोजला देशाबाहेर घालवले, त्या काळात एल्सा गोऱ्यांच्या शाळेत शिकत होती. दोघी त्यावर कधी बोलल्या का? एकदाच बोलल्या म्हणे, इथल्याच बाकावर. काय बोलल्या, ते सरोजने मला सांगितले नाही. त्यानंतर मात्र एल्सा दर आठवड्याला घरी.

तिने चिमटा खाली ठेवला नि म्हणाली, “डिसेंबरच्या अकराला मी जातेय. मुलीकडे, डर्बनला. सरोजला मी नेते.”

मी सुरी पुसू लागलो.

“सदराचा नियम ठाऊक आहे ना, मेनीर? जाणाऱ्याने प्रत्येक घरची एक वस्तू न्यायची. विचारायचं नसतं. आणून ठेवायची.”

नियम ठाऊक आहे. चौदा वर्षे आमच्या घरची वस्तू ठरलेली : डर्बनच्या धाकट्या बहिणीसाठी, देवीसाठी, लोकरीचे मोजे. डर्बनच्या उकाड्यात लोकरीचे मोजे कोण घालणार, असे मी दर वेळी विचारायचो. “तिचे गुडघे दुखतात. तुला काय कळतं!” ती मला सर्वांसमोर ‘तू’ म्हणे. माझ्या बहिणीला ते कधी पचले नाही.

मी स्वतः नेले असते. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला आहे. टेक्सासमध्ये माझ्यासाठी आता फक्त टेक्सास उरले आहे.

१९ ऑक्टोबर

अभयला सांगितले.

“आईला पार्सल करणार तुम्ही? कुणाच्या तरी बॅगेतून? सुकं मांस, ते बिल्टाँग, आणायला जातात लोक त्या बॅगा घेऊन!”

“एल्सा ‘कुणीतरी’ नाही.”

“बाबा, प्लीज.”

मृणाल म्हणाली, “अरे, मग तू तरी ने ना. नाशिकचं तिकीट दोनदा काढलंस, दोनदा कॅन्सल केलंस. मी विचारलं का, का म्हणून? नाही विचारलं. आता विचारते.”

अभय फोन उचलून बाहेर गेला. तिनेही ताणले नाही. मला नंतर हळूच म्हणाली, “त्याला जरा टाइम द्या, बाबा. तो रोज सकाळी ऑफिसला निघताना गॅरेजमध्ये दहा मिनिटं गाडी सुरूच करत नाही.”

हे मला ठाऊक नव्हते. मी माझी खुर्ची एकट्याची समजत होतो.

२ नोव्हेंबर

देवीचा फोन. तिने घाटावरच्या माणसाशी बोलून ठेवले आहे. दोन्ही भाचे सुट्टी घेतील. “अक्का कधी येते?” असे विचारले. अस्थी कधी येतात, असे नाही.

मी सांगितले, घरात बोलणे चालू आहे. खोटे आहे. घरात बोलणे बंद आहे.

१६ नोव्हेंबर

संध्याकाळी गॅरेजमध्ये गेलो तर माझ्या खुर्चीत अभय. दार अर्धे उघडे, बाहेर शेजाऱ्याची मुले बास्केटबॉल खेळत होती. तो उठू लागला. मी म्हणालो, बस. मी रंगाच्या डब्यावर बसलो.

चेंडू दाराशी घरंगळत आला, अभयने तो पायाने परत ढकलला.

मग तो म्हणाला, “मला ते किचन दिसतं, बाबा.”

२०१०. दुपारी तीन माणसे डर्बनच्या घरात शिरली. मी ग्रंथालयात होतो. सरोजला स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधले, हाती लागेल ते नेले. अभय मिळेल त्या विमानाने आला आणि पुढच्या वर्षी आम्हाला इकडे घेऊन आला. त्यानंतर त्याने डर्बनमध्ये पाऊल ठेवले नाही.

त्याच घटनेनंतर शेजारच्या बायका आठवडाभर आमच्या दिवाणखान्यात गाद्या टाकून झोपल्या, सरोजला एकटे वाटू नये म्हणून. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचा डबा. सरोज तो आठवडा सांगे. अभय तो दिवस सांगतो.

“तिकडे तिला एकटी सोडायची? तिथेच?”

“एकटी नाही. अम्मा आहे.”

तो रडला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. डब्यावरून उठायला वेळ लागतो मला. उठलो तोवर त्याने चेहरा पुसला होता आणि तो म्हणाला, “थंडी आहे, आत चला.”

७ डिसेंबर, रवि.

एल्सा सामान गोळा करायला आली. दर वेळेप्रमाणे दारात उभी राहून यादी म्हणून दाखवली : डेरिकच्या काकांचा चष्मा, कुणाची औषधे, कुणाच्या नातवाचे बूट. मी मोजे दिले. सरोजने ऑगस्टमध्ये विणायला घेतले होते. एक पूर्ण, दुसरा टाचेपर्यंत. देवी पुरा करील.

एल्साने मोजे पाहिले, घडी घातली नाही, तसेच छातीशी धरले.

मग हातातली लहान बॅग उघडून दाखवली. ही ती विमानात जवळ ठेवते. रिकामी. तळाशी स्वतःची लोकरीची शाल पसरलेली. “हिच्यात दुसरं काही ठेवलेलं नाही. लागली तर लागली. नाही लागली तर रिकामी नेईन, मला चालेल.”

अभय जिन्यावर उभा होता. खाली आला. मला वाटले, आता भांडतो. त्याने विचारले, “एअरपोर्टवर ते डबा उघडायला लावतात का?”

“स्कॅन करतात. दहनाचा दाखला लागतो. मी माझ्या नवऱ्याला नेलं होतं ना. मांडीवर घेऊन बसले, जोहान्सबर्गपर्यंत.”

“मांडीवर?”

“मग कुठे ठेवणार, बाळा?”

त्याने मान डोलावली. “मला विचार करू दे, आंटी.” तिला तो पहिल्यांदाच आंटी म्हणाला.

एल्सा गेल्यावर मृणाल कपाटातल्या फायली उपसत होती. काय शोधतेस, असे मी विचारले नाही.

१० डिसेंबर

एल्साचे विमान उद्या सायंकाळी.

सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. फळी रिकामी.

अभय गाडीत, स्टिअरिंगवर दोन्ही हात. शेजारच्या आसनावर डबा. त्याला सरोजची करडी शाल गुंडाळलेली, वरून पट्टा लावलेला. काच खाली केली.

“बाबा, जरा फिरवून आणतो आईला.”

“कुठे?”

“माहीत नाही. तिचा तो तळ्याचा बाक. मग बघू.”

“दाखला घेतलास?”

त्याने काच वर केली. गाडीचा पुढचा खण बंद होता. दाखला आत होता की नाही, मला दिसले नाही.

गाडी उजवीकडे वळली. एल्साचे घर उजवीकडे आहे. तळेही उजवीकडेच आहे.

दुपार झाली. अजून परतलेला नाही. वार्तापत्राच्या पुढच्या अंकासाठी डेरिकला मजकूर आज पाठवायचा आहे. पाठवतो तो असा :

संपादकांस. ऑक्टोबरचा अंक, पान दुसरे, डावा रकाना. पुढील तारखा दुरुस्त करून छापाव्यात.

जन्म : २ मार्च १९५०, डर्बन.

देशत्याग : ऑगस्ट १९७१. स्वेच्छेने नव्हे.

विवाह : १४ मे १९७६, लुसाका.

आईचे निधन : १९७८, डर्बन. मुलीस येऊ देण्यात आले नाही.

परत आगमन : जुलै १९९४. ‘आल्या’ असे छापू नये, ‘परतल्या’ असे छापावे.

अमेरिकेत : २ जून २०११पासून.

निधन : ९ सप्टेंबर. ११ नव्हे.

अस्थिविसर्जन : स्थळ व तारीख कोरी ठेवावी. ‘लवकरच’ असे छापू नये.

आणि ‘घरी कोण जाते आहे?’ या सदरात एल्साच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडावी.