हळू भरलेली कॅसेट

जळगाव, चैत्र

प्रिय दीपकभाऊ,

कागदावर लिहिते आहे म्हणून दचकू नकोस. आई बरी आहे. फोनवर पाठवलेला माझा एकही आवाज तू अजून ऐकलेला नाहीस, ते मला दिसतं. भटू सांगत होता, साक्रीच्या त्याच्या टायरच्या दुकानात कुणाच्या मोबाईलवर गाणं वाजलं तरी तू हातातलं काम तसंच टाकून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहतोस. म्हणून पत्र. कागद वाजत नाही. कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आली आहे, नाना गेल्यानंतरची पहिली. पितर म्हणून त्यांच्या नावाची घागर कोण भरणार हे घरात बरेच दिवस ठरत नव्हतं. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण तिथवर पोचायला मला वेळ लागेल. मी कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून बघणारी, हे तुला माहीत आहे.

परवा इथे एक सारंगी ऐकली. म्हणजे ऐकायला बसले. आधी आवाज अगदी खाली आणला, मग एकेक घर वर नेला, आणि बोट बटणावरच ठेवून बसले. सुरांकडे लक्षच गेलं नाही. आता माझं सगळं ऐकणं असंच होतं. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं शिकले ती नानांच्या धुळ्याच्या दुकानात, कॅसेटच्या पाठीवरच्या पट्ट्या वाचून. लोक गाण्यांची यादी द्यायचे, नाना कॅसेट भरून द्यायचे. बाजू संपताना थोडी फीत उरायची, यादीतलं पुढचं गाणं तिच्यात मावायचं नाही. दुसऱ्या कुणी ती कोरी सोडली असती. नाना तिथे आपल्या पसंतीचं काहीतरी भरायचे. सिनेमाची गाणी मागणाऱ्या मास्तरांना शेवटी सतारीचा तुकडा मिळायचा, भजनं मागणाऱ्या बेबाबाईंना कव्वाली. बेबाबाई भांडायला आल्या होत्या, आठवतं? "प्रेमराजभाऊ, देव्हाराम्हा मनी कव्वाली वाजनी, सासू उठीसन बसनी!" आणि नाना शांतपणे म्हणाले, "मंग? सासूनी बंद करी का?" सासूने बंद केली नव्हती. बेबाबाई पुढच्या वेळी दुसरी कव्वाली भरून घेऊन गेल्या.

दुकान बंद झालं, मी नोकरीला जळगावला आले, तू डीजेची गाडी बांधलीस, तरी रविवारचं आपलं ऐकणं चालू राहिलं. जेवणं झाली की फोनवर प्रत्येकाने एकेक रेकॉर्डिंग टाकायचं आणि ते संपेपर्यंत कुणी काही लिहायचं नाही. मी ठुमऱ्या टाकायचे, कधी परदेशातला चेलो. तू तुझे ते धडधडणारे तुकडे. नाना तुला म्हणायचे, "हाई गाणं शे का दायनी गिरणी?" डाळीची गिरणी म्हटलं की तू चिडायचास. म्हणायचास, नाना, हे फोनवर कळत नाही, हे कानाने ऐकायचंच नसतं, छातीत ऐकायचं असतं. एकदा त्यांनी तुझा एक तुकडा परत परत लावला आणि कबूल केलं की खालचा ताल आपल्या संबळाचाच आहे, तू फक्त त्याला बूट घातलेत. तो सबंध दिवस तू हवेत होतास. मला आईने सांगितलं.

नाना मात्र फिरून फिरून एकच टाकायचे, सोनगीरच्या लग्नातला क्लॅरिनेट. त्यांनी स्वतः, आईशी लग्न व्हायच्या आधी, कुणाचा तरी टेप मागून मांडवाच्या खांबाला टांगून भरलेला. वाजवणारा बँडमधला कुणी तोताराम, वरात पुढे निघून गेल्यावर मागे एकटाच वाजवत राहिलेला. फार हळू भरलं गेलं होतं. खरखर जास्त, सूर कमी. नाना म्हणायचे, "त्याले ऐकाले जोडे जानं पडस." आणि जवळ जाऊन, मशीनला कान लावून, डोळे मिटून बसायचे. आपण दोघं हसायचो.

गणपती विसर्जनाच्या दुपारी मी ओट्यावर उभी होते, भाऊ. तू मला पाहिलं नसशील, पण मी सगळं पाहिलं. गल्लीतले म्हणतात, "पोऱ्यानी बापले डीजे लाईसन मारं." त्यांना फक्त मोठा आवाज माहीत आहे. काय झालं ते आपल्या दोघांनाच कळतं. नाना दारात आले तेव्हा तू सगळं थांबवलंस आणि मोबाईलमधून तोतारामची टेप लावलीस. मंडळाची पोरं ओरडली, "दीपक्या, हाई काय मयत शे का?" तू ऐकलं नाहीस. टेप हळू होती म्हणून तू आवाज वर नेलास, मग आणखी वर, जितका जात होता तितका. आपल्या गल्लीत, अख्ख्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून तो क्लॅरिनेट निघाला आणि पोरं गप्प झाली. नाना पायरी उतरले. सवयीने जवळ गेले, अगदी जवळ, आणि डोळे मिटून कान लावला. ते हसत होते. तू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलास. टेप संपली, आणि रांगेतला पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. तो हळू भरलेला नव्हता. आवाज खाली आणायचा राहिला होता.

तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. ते लिहायला दोनदा कागद घेतला आणि फाडला. मी डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. ते म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं. आवाजाने झालं असेल, त्याशिवायही झालं असतं, मी सांगू शकत नाही. मी पुन्हा गेले, वेगळ्या शब्दांत विचारलं. तेच उत्तर. याहून जास्त कुणालाच माहीत नाही, आणि पुढेही कुणाला कळणार नाही. तू दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, डोक्याचे केस उतरवून घेतलेस आणि पंगत उठायच्या आधी निघून गेलास. तेव्हापासून आई इथे माझ्याकडे आहे, आणि घरात काहीही लावत नाही. कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद करते. भात कच्चा राहतो, आम्ही तसाच खातो.

परवा अभिमनकाका आपल्या पोराचं नाव सुचवायला आले. म्हणाले, "वहिनी, दीपक काय ई नही. मना हितेंद्र भरी घागर. भाऊबंदम्हाच शे ना?" आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याना बाप, त्यानी घागर." काका गेल्यावर तिने लाटणं खाली ठेवलं. मग माझ्याशी बोलली, तसंच लिहिते, एकही शब्द न बदलता: "त्यानं तोंड मी देखी सकसू का नही, माले माहीत नही. पन घागर त्यानाच हातनी भराले पाहिजे." मी म्हटलं, तो धुळ्याच्या गल्लीत पाय ठेवणार नाही. आई म्हणाली, "मंग घागर त्याना जोडे जाई." मी विचारलं, घागर त्याच्याकडे न्यायची, असं चालतं का, घरचा उंबरा सोडून?  तिने दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून घागर आणली आणि बसमध्ये फुटू नये म्हणून नानांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली. घागरीवर ठेवायचं डांगर, खरबूज, साक्रीलाच घेऊ म्हणाली, नैवेद्याच्या सांजोऱ्या इथून करून नेऊ.

तेव्हा आखाजीला सकाळच्या बसने आम्ही दोघी येतो आहोत. तुला विचारायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. आई कदाचित तुझ्याशी बोलणार नाही. कदाचित तुझ्याकडे पाठ करून बसेल. तेवढं तुला सोसावं लागेल, आणि मलाही. पण त्या दिवशी रानात, डोंगरात, कुठे जाऊ नकोस, भाऊ. खोलीवरच थांब. नानांच्या नावाचा घास टाकायच्या विस्तवाला थोडे गोवऱ्यांचे तुकडे आणून ठेव, आणि पाणी भरून ठेव.

तुझ्या दाराशी येणारी, तुझीच,
पुनम