मंगळाच्या कागदावर सही

उत्तन,
रविवार, १९ जानेवारी १९४७

प्रिय रॉक,

तुझं पत्र आणि सोबतचा कागद बुधवारी मिळाला. भाईंदरहून टपाल आणणारा म्हातारा हल्ली मिठागराच्या बांधावर बसून दोन विड्या ओढल्याशिवाय पुढे सरकत नाही, तेव्हा एक दिवस उशीर नेहमीच धरून चाल. मंगळावर जायला काकाची सही लागते हे वाचून मी आधी पोट धरून हसलो. तुमच्या प्रोफेसरांनी म्हणे परग्रह मंडळ काढलंय. लढाईत जर्मनांनी सोडले तसले अग्निबाण उद्या माणसांना घेऊन वर जाणार, म्हणून तिथे वस्ती करायला कोण राजी आहे त्याची यादी आत्ताच करून ठेवायची. परत येणं नाही हे कबूल करायचं, आणि एकवीस वर्षांखालच्या पोरांनी पालकाची सही आणायची. अरे, वसईची खाडी ओलांडताना तुला उलट्या होतात. मंगळापर्यंत तू कसा तग धरणार?

मग कागद नीट वाचला आणि हसू गेलं. ‘मला का जायचे आहे’ या रकान्यात तू लिहिलंयस की तुझे वडील साव्हेर नव्या जागेच्या शोधात सगळ्यांच्या पुढे गेले, परक्यांच्या हातून मारले गेले, आणि त्यांचं रक्त तुझ्या अंगात आहे. हे मंडळाच्या सभेत वाचून दाखवणार आहेत, असंही तू पत्रात कळवलंयस. त्याखाली छापलंय, ‘वरील मजकूर खरा आहे’, आणि मग माझ्या सहीची जागा. चार दिवस मी टाक उचलतोय आणि ठेवतोय. सही करावी तर ती खोटी होते. न करावी तर कारण सांगावं लागतं, आणि ते ऐकल्यावर तू मला काका म्हणशील की नाही याची मला खात्री नाही.

मंडळाच्या मागच्या सभेत वाद झाला म्हणतोस ना, की माणसं आपण होऊन जातील का? मला विचारलं असतंस तर मी एका शब्दात सांगितलं असतं. जातील. धावत जातील. बत्तीस साली किनाऱ्याजवळची मासळी आटली होती. मिस्साची प्रार्थना सुटल्यावर देवळासमोर गाव जमला आणि वडीलधाऱ्यांनी विचारलं, जमीन दिसेनाशी होते त्याच्याही पलीकडे, जिथे कोणी कधी जाळं लावलं नाही, तिथे खुंट गाडायला कोण जाईल? दोन दिवसांची वाट, मदतीला कोणी नाही. सगळ्यांत पहिला हात माझा वर गेला. मी काही उपाशी नव्हतो, शूर तर त्याहून नव्हतो. समोर बायका उभ्या होत्या, पोरी उभ्या होत्या, सगळा गाव बघत होता. एवढ्यासाठी माणूस हात वर करतो, रॉक. तुझ्या वर्गात चाळीस हात वर झाले म्हणतोस, त्यातले पस्तीस शेजाऱ्याकडे बघून झाले असतील. साव्हेरचा हात सगळ्यांत शेवटी वर झाला. धाकट्या भावाला एकटा कसा सोडू, असं तो तुझ्या आईला म्हणाला. तेव्हा तू चार वर्षांचा होतास.

दोन होड्या आणि अकरा माणसं निघालो. फादरनी पाणी शिंपडलं, बँडवाल्यांनी लग्नासारखं वाजवलं. खुंट गाडतात कसा ते तू लहानपणी ऐकलं असशील, पण आता पुस्तकांत विसरला असशील. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते. तेव्हा दोन होड्यांच्या मधोमध आख्खं झाड उभं धरायचं आणि दोरांनी दाबत दाबत तळाच्या चिखलात रुतवायचं. मग त्याला जाळं बांधायचं. त्याआधी एकाने दोरीला दगड बांधून तळ चाचपायचा, कारण खाली कोणाच्या जुन्या खुंटाचं थोटूक असेल तर ती जागा त्याची. तो दहा वर्षं फिरकला नसला तरी त्याची. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण आपल्या किनाऱ्यावर तो कोणी मोडत नाही.

तळ चाचपायचं काम माझं होतं. दगड खाली गेला आणि लाकडावर आपटला. दोरीतून हाताला ते स्वच्छ कळतं, चिखल वेगळा, लाकूड वेगळं. मी पुन्हा सोडला. पुन्हा लाकूड. बँड वाजवून निघालेला माणूस रिकाम्या हाताने परत कसा जाणार? मी हात वर करून सांगितलं, साफ आहे. तुमचे प्रोफेसर सांगतात ना, मंगळ मोकळा आहे म्हणून? तो साफ आहे असं सांगणाऱ्याचा हात एकदा बघून ठेव.

आठव्या दिवशी सकाळी वरच्या अंगाच्या एका गावाची होडी आली. सातजण होते. होडीचा प्रमुख, तांडेल, म्हातारा होता, आणि ते थोटूक त्याच्या बापाने गाडलेलं होतं. तो शिव्या देत नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्याने फक्त एक दगड सोडून दाखवला आणि दोरी साव्हेरच्या हातात दिली. साव्हेरने दोरी धरली, खाली काय लागतंय ते त्याला कळलं, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि त्यांना म्हणाला, “जागा तुमची हाय. चूक आमची झाली. आमी खुंट काढतो.”

मी त्याच्या मागे उभा होतो, हातात वल्हं होतं. चौदा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी त्या म्हाताऱ्यावर धावलो आणि साव्हेर मधे आला. वसईच्या फादरकडे कन्फेशनला गेलो तेव्हाही हेच सांगितलं. उत्तनच्या फादरकडे जायची हिंमत नव्हती, म्हणून होडी वल्हवत वसईला गेलो आणि तिथेसुद्धा खोटं बोललो. साव्हेर मधे आला नाही. मी त्यालाच मारलं. त्याचं तोंड बंद करायला मारलं. डोक्याच्या मागे वल्ह्याची कड बसली आणि तो नाळेवरून पुढे पडला. माझ्या भावाला मी मारलं, रॉक. तुझ्या बापाला.

त्यानंतर आम्ही माणसं राहिलो नाही. त्याचं रक्त बघून आमच्यातल्या अर्ध्यांना वाटलं की घाव त्यांनी घातला, आणि मी ते वाटू दिलं. आम्ही त्यांच्या होडीवर होडी घातली. म्हाताऱ्याच्या मानेवर मी कोयता चालवला, दोनदा, कारण एका घावाने झालं नव्हतं. एकाच्या पोटात लोखंडी आकडा घुसला आणि तो आकड्यासकट पाण्यात गेला. तिसरा आमच्याच खुंटाला मिठी मारून वर घ्या, वर घ्या म्हणत होता. कोणीतरी त्याची बोटं तोडली. कोणी ते मी सांगणार नाही, तो अजून गावात आहे आणि दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसतो. उरलेले चार फुटक्या होडीतून पळाले. आम्ही साव्हेरला जाळ्यात गुंडाळून घरी आणलं आणि मी गावाला सांगितलं, परक्यांनी मारला.

गाव पेटला. चौथ्या दिवशी भर दुपारी सहा होड्या त्यांच्या किनाऱ्यावर गेल्या, जाळी आणि होड्या जाळल्या. एका झोपडीत लकवा झालेला माणूस होता, तो आत आहे हे आम्हाला कळलं तोपर्यंत छप्पर खाली आलं होतं. पोलीस आले, लिहून घेऊन गेले, कोणी तोंड उघडलं नाही. त्या जागेवर मासळी मात्र भरभरून लागली. बोंबील, पापलेट, टोपल्या पुरत नव्हत्या. गावाने ती जागा इनासची जागा म्हणून माझ्या नावावर केली. तुझं इंग्रजी, तुझं कॉलेज, तुझ्या पायातले बूट, सगळं तिथलंच.

आज मिस्सा झाल्यावर मी तुझा कागद वहिनीला वाचून दाखवला. म्हटलं, आईचं मत घ्यावं. ती दारात बसून बोंबील साफ करत होती. तू बापाबद्दल लिहिलेलं ऐकूनही तिची सुरी थांबली नाही. मग वर न बघता म्हणाली, “समोरच्यांनी मारला म्हनून सांगितलंस, न् घाव मागं होता. आंग मीच धुतलं, इनास. पोर वाढवायला मला एका पुरुषाचं वल्हं पायजे व्हतं. आता पोर वाढलं. त्याला खरं लिव.” मी विचारलं, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, लिवता येत असतं तर पोराला कधीच कलवलं असतं, तोंडानं सांगवत न्हाय. मग हात धुऊन आत गेली आणि मला जेवायला वाढलं, चौदा वर्षं वाढते तसंच. मी ताटावरून उठलो आणि लिहायला बसलो. कागद सहीशिवाय परत पाठवतोय. शनिवारी तू घरी येशील तेव्हा मी कुठे गेलेलो नसेन.

तुझाच, तू म्हणू देशील तर,
इनास काका