निम्म्या भाड्याची पावती

९ फेब्रुवारी २००१
अकाउंट्सवाल्यांनी भाड्याची पावती परत केली. "यावर लतिका सावंत कोण? तुमचं नाव कुठाय?" आता मार्चच्या पगारातून टॅक्स कापणार. निम्मं भाडं मी भरते, निम्मा केर मी काढते, आणि कागदोपत्री मी या घरात नाहीच!

१० फेब्रुवारी
लतिका मात्र अख्ख्या भाड्याची पावती तिच्या ऑफिसात देऊन मोकळी! "अ‍ॅग्रीमेंट माझ्या नावावर, मी काय करू?" — गरीब चेहरा करून. का आहे तिच्या नावावर? तर बोळिंजच्या या सोवळ्या सोसायटीला एकट्या मुली चालत नाहीत. म्हणून आम्ही नणंद-भावजय! माझा मस्कतचा भाऊ हिचा नवरा. मला भाऊच नाही. बाई भूमिकेत इतकी शिरलीय, की घरातसुद्धा मंगळसूत्र काढत नाही. नाटकी कुठची!

१८ फेब्रुवारी
माणिकपूरला घरमालकिणीकडे गेले. क्लेमेंटीन आंटी भली बाई. "दोन पावत्या देते ना बाय. पन सेक्रेटरीच्या कानावर घाल."

२४ फेब्रुवारी
सेक्रेटरी रामनाथ! बनियनवर बसून न्यायनिवाडा. "नणंदेला वेगळी पावती? भांडलात का? मस्कतचा नंबर द्या, तुमच्या भावाशी मीच बोलतो." डोकंच फिरलं. सांगून टाकलं — भाऊबिऊ कोणी नाही, ती माझी कोणी लागत नाही, आम्ही रूममेट. खोटं वाटत असेल तर देवगडला तिच्या घरी विचारा! तिच्या ट्रंकेवरचा पत्तासुद्धा दिला. "आजच कार्ड टाकतो," म्हणाला. टाक बापड्या. नाहीतरी दुसरं काय काम आहे तुला!

२५ फेब्रुवारी
लतिकाला सांगितलं. भांडेल वाटलं होतं. पांढरीफटक पडली. "पत्ता कशाला दिलास?" एवढंच. पावतीबद्दल चकार शब्द नाही!

३ मार्च
आंटीने दिली. माझ्या नावाची पावती, स्टॅम्पवर सही. फार बरं वाटलं. लतिका धड जेवत नाही. दुसऱ्याला हक्काचं मिळालं की काहींचं पोट दुखतं.

११ मार्च
सकाळी बेल वाजली. बाहेरून पुरुषाचा आवाज — "लतिका आहे? नवरा मी तिचा. सेक्रेटरींचं कार्ड आलं." लतिकाने माझा हात गच्च धरला. "मारून टाकेल गं. सांग, इथे तू एकटीच राहतेस." आणि मोरीत जाऊन कडी लावली.

सांगितलं. गेला नाही. अजून जिन्यात बसलाय.

मीच बोलावलं याला.